खाली

आभाने पायानेच खोकं काउंटरखाली सरकवलं, त्यावर दुलई टाकली आणि दिशाला उचलून वर बसवलं.

"इथंच बस हं, राणी. चित्र रंगव."

बाहेर मोटारसायकल थांबली होती. टाकीवर जांभळं स्टिकर.

खोक्यात दुसऱ्या कंपनीचे प्रोसेसर होते, पिवळ्या डब्यांतले. नगरा भागातल्या कोचिंगवाल्यांना तेच हवे होते. स्वस्त, आणि कामाला तितकेच चोख. आभाचा नवरा निशांत हो म्हणून बसला. पण झाशीच्या सीपरी बाजारात गिऱ्हाईक एरवी जांभळा डबाच मागतं, आणि त्या कंपनीची अट होती की दुकानात दुसऱ्याचा माल दिसता कामा नये. कागदावर हे कुठेच नव्हतं, पाठ मात्र सगळ्यांना होतं. बडा बाजारातल्या विद्याधरकाकांनी पिवळे डबे मांडले, तेव्हापासून त्यांचा जांभळा माल जो रस्त्यात अडकला तो अडकलाच. आता ते मोबाईलची कव्हरं विकतात.

निशांत नगऱ्यात मशीन जोडायला गेला होता. आत आलेला जांभळ्या कंपनीचा माणूस नवा होता.

"नमस्ते मैडम. मैं अजय. अब ग्वालियर से मैं ही आया करूँगा."

"बैठिए भैया. पानी?"

पाणी देताना पेल्याची कड स्टुलाला लागून वाजली. त्याने फळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. जांभळ्या डब्यांची रांग आभाने सकाळीच पुसली होती.

"सुना है, पीलेवाले भी आने लगे हैं आपके यहाँ."

"कौन बोला? हम तो बस आपका ही रखते हैं."

तो हसला. मग काउंटरवरून वाकून त्याने दिशाकडे पाहिलं. ती पिवळ्या खडूने सूर्य रंगवत होती.

"अरे वा. बिटिया, मम्मी के पास ऐसे पीले डिब्बे भी हैं क्या?"

दिशाने खडू थांबवला. कुणी काही विचारलं की नीट उत्तर द्यायचं, हे आभानेच तिला शिकवलं होतं.

"ते ना? खाली आहेत."

आभा चटकन दिशाकडे वळली. बाहेर सगळी हिंदी, म्हणून लेकीशी मराठीच बोलायचा तिचा हट्ट. निशांत चिडवायचा, "झाशीत राहून पोरीला पुण्याची करतेस का?" आणि आज नेमकी ती हिंदी सोडून आईची भाषा बोलली होती. पण शब्द कानावर पडला आणि आभाला त्यातच दार दिसलं; हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

"हाँ, खाली हैं," ती घाईने म्हणाली. "खाली डिब्बे. किसी ने दिए थे, इसके खेलने के लिए."

"नाही गं आई, खाली," दिशा म्हणाली आणि तिने बोट जमिनीकडे केलं.

आभाने ते इवलंसं बोट मुठीत घेतलं. जरा जोरातच. दिशाच्या मांडीवरचा खडू घरंगळत काउंटरखालून पलीकडे त्याच्या बुटांपाशी गेला.

तो उचलायला वाकला. खडू उचलायला लागतो त्याहून अंमळ जास्तच वेळ वाकून राहिला. दुलईचं एक टोक वर सरकलं होतं. आभाला ते दिसत होतं, पण हात पुढे जाईना.

उठून त्याने खडू दिशाच्या हातात ठेवला.

"सूरज अच्छा है," तो म्हणाला. उरलेलं पाणी त्याने शांतपणे संपवलं, पेला जपून स्टुलावर ठेवला आणि हेल्मेट उचललं.

आभाने श्वास सोडला. दाराशी जाऊन तो मान किंचित झुकवून म्हणाला,

"येतो."

"बरं, या," आभा म्हणाली. पाहुणा निघाला की घरात म्हणायचं तसं, आपसूक.

मोटारसायकल गल्लीच्या वळणाला पोहोचली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की तो कुठल्या भाषेत बोलला होता. तिने काउंटरची कड घट्ट धरली.

दिशा दुलईवरून उतरून तिच्या पदराशी आली.

"आई, ते काका परत येणार?"