पाच मिनिटांचा थांबा

"ए सात नंबर, मागे घे! नाक बाहेर आलंय तुझं!"

नाक माझं नव्हतं, बसचं होतं. पण त्या सकाळी मिनिटबाईंना माणूस आणि बस यांत फरक करायला सवड नव्हती. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि पावलं अशी झपाझप की बघणाऱ्यालाच दम लागावा. मधल्या थांब्याच्या मैदानावर अकरा फलाट आखले होते आणि आम्ही अकरा ड्रायव्हर आपापली बस लावून शाळेच्या पोरांसारखे चिडीचूप बसलो होतो. मी वीतभर मागे घेतली.

"आता?" मी खिडकीतून विचारलं.

"आता शहाण्यासारखा दिसतोस. दार उघड."

मिनिटबाई म्हणजे आमच्या आगारातल्या वेळापत्रकाच्या कारकून. तेहेतीस वर्षं एकाच टेबलाशी बसून कोणती बस कधी निघणार आणि कधी पोचणार, एवढंच त्यांनी लिहिलं. ड्रायव्हर दोन मिनिटं उशिरा आला तर त्या ओरडत नसत, फक्त घड्याळाकडे बघत. ओरडणं परवडलं असतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक योजना लिहून वर पाठवली होती. शहरातल्या अकराही मार्गांच्या बस दर अर्ध्या तासाने मधल्या थांब्यावर एकाच वेळी याव्यात, तीन मिनिटं थांबाव्यात आणि एकाच वेळी सुटाव्यात. कुठूनही या, समोरची बस पकडा, कुठेही जा. नवी बस घ्यायची नाही, रस्ता रुंद करायचा नाही, एक झाड पाडायचं नाही. बदलायची ती फक्त वेळ. "लोकांना मोटारीचं प्रेम नाही रे," त्या म्हणायच्या, "त्यांना वाट बघायचा कंटाळा आहे. वाट बघणं संपवा, निम्म्या मोटारी आपोआप घरी बसतील."

दरवर्षी त्या कागदावर कुणीतरी 'उत्तम कल्पना' असं लिहून तो कपाटात ठेवत असे. यंदा मात्र शहरातली हवा इतकी बिघडली की आठ दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यावर उपाय म्हणून कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मधल्या मैदानावर चार मजली वाहनतळ बांधावा! पाटीसुद्धा लागली. तेवढ्यात आमचे नवे साहेब आले, त्यांनी कपाट उघडलं आणि नगरसभेशी भांडून तीन दिवसांची चाचणी पदरात पाडून घेतली. जमलं तर बाईंची योजना कायम, नाही जमलं तर चौथ्या दिवशी खोदकाम.

मी टर उडवणाऱ्यांत होतो हे कबूल करतो. "अकरा बस एका वेळी म्हणजे सर्कसच की," असं मी कँटीनमध्ये बोललो होतो आणि सगळे हसलेही होते.

आठ वाजले. अकरा दारं उघडली. पहिल्यांदा लोक नुसते उभे राहिले. एवढ्या बस आपल्यासाठी, यावर त्यांचा विश्वास बसेना. मग एकजण चारमधून उतरून नऊमध्ये शिरला, त्याच्यामागे दोघी, आणि बघता बघता मैदानभर माणसं इकडून तिकडे धावायला लागली. "अहो, कॉलेजला कुठली?" "ही काय समोर!" "इतक्यात?" "इतक्यात!" अनोळखी माणसं एकमेकांना वाट सांगत होती. आठ वाजून तीन मिनिटांनी शिट्टी झाली आणि अकरा बस एकामागोमाग बाहेर पडल्या. मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला.

साडेनवाच्या फेरीला एक गृहस्थ माझ्या बसमध्ये चढले, हातात मोटारीची किल्ली खुळखुळत होती. "गाडी घरीच ठेवली," ते म्हणाले, "किल्ली तेवढी सवयीनं आली." बस हसली. दहापर्यंत मोठ्या चौकातली नेहमीची कोंडी दिसेना, तेव्हा कँटीनमधली माझी टर मी मनातल्या मनात गिळून टाकली.

साडेदहाला माझी विश्रांती होती. जोडीदार बस घेऊन जाणार होता, म्हणून मी मैदानातच थांबलो. माझ्याच बसमधून एक आजी उतरल्या, हातात चार पायांची काठी. त्यांना दवाखान्याला जाणाऱ्या नऊ नंबरकडे जायचं होतं. त्या अर्ध्या वाटेवर असतानाच तीन मिनिटं भरली. नऊच्या ड्रायव्हरने त्यांना पाहिलं आणि दार उघडंच ठेवलं. बाई तरातरा त्याच्याकडे गेल्या आणि त्याच्या तोंडासमोर शिट्टी वाजवली. एक बस थांबली की अकरा थांबतात, हा पहिला नियम होता. तो मान खाली घालून निघाला.

मैदान रिकामं झालं. मधोमध आजी तेवढ्या उभ्या.

"आधी माझी एक बस चुकायची, बाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आज तुम्ही एकदम अकरा चुकवल्यात."

मला हसू आलं. बाईंना आलं नाही. त्या आजींजवळ गेल्या.

"आजी, पुन्हा एकदा चालाल? तिथून इथपर्यंत? मी मोजते."

"चालते की. अर्धा तास दुसरं काम काय आहे मला?"

चार मिनिटं दहा सेकंद लागले.

"हे अंतर मी स्वतः चाळीस वेळा चालून मोजलंय," बाई घड्याळाकडे बघत पुटपुटल्या. "सत्तर सेकंद. वर चैन म्हणून तीन मिनिटं दिली."

"कुणाच्या पायांनी मोजलंत?" आजींनी विचारलं.

बाईंनी आजींना बाकावर बसवलं, साडेअकराच्या आत त्या दवाखान्यात पोचतील ना याची खात्री केली, आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. तुझा मार्ग लागणार आहे मला."

साहेबांच्या खोलीत नकाशा पसरला गेला. तीनऐवजी पाच मिनिटं थांबायचं तर प्रत्येक फेरी दोन मिनिटांनी आखूड व्हायला हवी. दहा मार्गांत तेवढी ढील होती. सातमध्ये नव्हती. माझी बस आधीच जीव मुठीत धरून वेळेवर पोचत होती.

"तीन दिवस जाऊ देत," साहेब म्हणाले. "एकदा कायम झालं की मग सुधारू. आत्ता चाचणीत हात घातला आणि काही बिघडलं, तर ते लोक टपूनच बसलेत."

"साहेब, तेहेतीस वर्षं बघतेय मी. कायम व्हायला लागलं की सगळ्यात आधी चुकाच कायम होतात."

त्यांची पेन्सिल सातच्या रेषेवरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. मी छताकडे बघायला लागलो. दोन मिनिटं कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. मुख्य रस्ता सोडून सात नंबर एका गल्लीत शिरते, टोकाच्या थांब्यावर माणसं घेते आणि वळून परत बाहेर येते. त्या गल्लीतली बाकीची माणसं कोपऱ्यापर्यंत सहज चालत येऊ शकतात. एकजण येऊ शकत नाही. तो थांबा बाईंच्या दारासमोर आहे, आणि तो माणूस म्हणजे बाईंचे यजमान.

मास्तर चित्रकला शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांचा सगळा दिवस एका फेरीवर उभा आहे. सकाळी दारातून सात नंबर पकडायची, मधल्या थांब्यावर दोन नंबरमध्ये बसायचं, वाचनालयात चार मित्रांशी पेपरावरून भांडायचं आणि जेवायला घरी यायचं. रोज मीच त्यांना हात देऊन वर घेतो. चाचणीच्या पहिल्या दिवशी गर्दी असेल म्हणून बाईंनीच त्यांना घरी बसवलं होतं.

"बाई, मास्तर..." मी म्हणालो.

"मास्तर एक आहेत. आज सकाळपासून आजींसारखी किती माणसं मैदानात मागे राहिली, सांग?"

"मी नाही पाहिली."

"मीही नाही पाहिली. तेच तर, कुणी बघितलंच नाही त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या आणि गल्लीवर काट मारली.

मग जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. साहेब फोनवर, दोन कारकून नव्या पाट्या लिहायला, बाई हाताने अकरा मार्गांचं वेळापत्रक नव्याने मांडायला. कुणी जेवलं नाही. "उद्यापासून पाच मिनिटं!" असं जो तो एकमेकाला सांगत होता, जणू घरात काहीतरी शुभ घडणार आहे.

संध्याकाळी बाई माझ्याच बसने घरी निघाल्या. गल्लीत शिरणारी ती शेवटची फेरी होती. थांब्यावर मास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते.

"काय, जमलं का?" त्यांनी लांबूनच विचारलं. बोलताना ओठ एका बाजूला ओढला जायचा, पण उत्साह लपत नव्हता.

"जमलं. माणसं धावत होती नुसती." बाई पायरीवरच थांबल्या. "उद्यापासून सात नंबर आत येणार नाही."

"कुणी ठरवलं?"

"मी."

मास्तर हसले. "झालं! मग तक्रार कुणाकडे करायची?"

"माझ्याकडेच. लेखी." बाईही हसल्या आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, आजी, चार मिनिटं दहा सेकंद, ढील, सगळं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसू मात्र ओसरत गेलं.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "मला विचारलं असतंस तरी मी हो म्हणालो असतो. पण विचारायला हवं होतंस."

बाई खाली उतरल्या. मला लाज वाटली, उगाच ऐकत बसलो म्हणून. त्या थांब्यावरून मी एक मिनिट उशिरा सुटलो आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं सुरू झाली. आजी नऊमध्ये चढल्या आणि वर ड्रायव्हरची चौकशी करायलाही त्यांना वेळ उरला. बाळाची गाडी ढकलणाऱ्या बाया आल्या, कुबड्या घेतलेला एक तरुण आला, पिशव्या सांभाळणारी म्हातारी जोडपी आली. काल ही माणसं कुठे होती कोण जाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब मैदानात आले ते कागद फडकवतच. चौकातल्या मोटारी जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या, नगरसभेने मान्यता दिली होती. वाहनतळाची पाटी उतरवली तेव्हा आम्ही अकराजणांनी एकदम हॉर्न दाबले.

"बंदी आहे रे हॉर्नला! मूर्खांनो, बंदी आहे!" बाई ओरडत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नऊच्या ड्रायव्हरने त्यांना वाकून नमस्कार केला. मीही केला.

गर्दी ओसरल्यावर मी हळूच विचारलं, "मास्तर?"

"घरातच आहेत दोन दिवस. खिडकीशी बसतात. रागावले असते तर बरं झालं असतं रे. नीट बोलतात माझ्याशी, पाहुण्याशी बोलावं तसं."

चौथा दिवस, म्हणजे कायम वेळापत्रकाचा पहिला दिवस. नऊ अठ्ठेचाळीसला मी गल्लीच्या कोपऱ्यावर आलो आणि ब्रेकवर पायच दिला. मास्तर उभे होते. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, डावा हात काठीवर.

"किती वाजता निघालात?" मी खाली उतरून विचारलं.

"नऊला. दोनदा बसलो वाटेत, लोकांच्या पायऱ्यांवर." त्यांनी नेहमीसारखा माझा हात धरला आणि वर आले. "तिला काही बोलू नकोस."

दहाला आम्ही मैदानात लागलो. मी त्यांना उतरवलं आणि दोन नंबरपर्यंत सोडायला निघालो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"हात नको. तिला नीट मोजता आलं पाहिजे."

बाईंनी त्यांना तेव्हाच पाहिलं. जागच्या हलल्या नाहीत. मास्तर निघाले. एक पाय पुढे, दुसरा त्याच्यामागे ओढत. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी धावत होती. चार मिनिटं झाली तेव्हा ते सहाच्या फलाटापाशी होते. गल्लीने त्यांच्यातलं बरंच बळ आधीच घेतलं होतं. सगळ्यांची माणसं चढून झाली, अकरा इंजिनं सुरू झाली. दोन नंबरचं दार मास्तरांपासून दहाएक पावलांवर होतं.

दहा वाजून पाच. शिट्टी झाली नाही.

आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. शिट्टी ओठांत होती. मास्तर थांबले आणि वळले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. तोंडाने एक शब्द नाही, पण विचारत होत्या, हे मलासुद्धा माझ्या सीटवरून कळलं.

मास्तरांनी काठी फलाटाच्या कठड्याला टेकवली, स्वतःही टेकले आणि डावा हात उचलून पुढे हलवला. गाडीला वाट देताना आम्ही हलवतो तसा.

शिट्टी वाजली. अकरा बस निघाल्या.

फाटकातून वळताना मी आरशात पाहिलं. मोकळ्या मैदानात मास्तर बाकावर टेकले होते. बाई चालत त्यांच्याकडे गेल्या, सावकाश. मास्तरांनी बाकावरची काठी उचलून पलीकडे ठेवली आणि त्यांना बसायला जागा केली.