कोंडीरामचे संथ हात

सहा वर्षं मिनलने एका माणसाचं नाव दाढेखाली धरून ठेवलं होतं. श्रीपाद. महाळुंग्याच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो संगणक विभागाचा प्रमुख, आणि मिनलचे वडील कोंडीराम तिथेच डिस्पॅचला, तीन नंबरच्या काउंटरवर. काम म्हटलं तर सोपं. खोक्यावर स्कॅनर धरायचा, मशीनमधून लेबल निघेपर्यंत थांबायचं, लेबल चिकटवायचं, खोकं पुढे ढकलायचं. कारखाना सुरू झाल्यापासून आठ वर्षं कोंडीरामने हेच केलं. मग आधी ‘काम संथ आहे’ अशा दोन नोटिसा आल्या आणि त्यामागून श्रीपादचा रिपोर्ट. त्यात एका खोक्याला लागणाऱ्या वेळेचा आलेख होता आणि आलेखाखाली वाक्य होतं, ‘सदर कामगाराचे हात दरवर्षी संथ होत आहेत.’ झालं! केबिनमध्ये बसून एका ओळीत माणूस निकालात काढला. कोंडीरामची रवानगी भंगार यार्डात झाली, झाडू मारायला. दीड वर्ष झाडू मारून त्यांनी राजीनामा दिला.

बाप भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मिनलचा जीव थंड झाला असता. पण ह्या भल्या माणसाने रिपोर्टवर विश्वास ठेवला! ‘मशीनवर मोजलंय साहेबांनी, मशीन कशाला खोटं बोलंल?’ असं म्हणून ते गप्प बसले. मिनलला झाडूचा राग होताच, पण ह्या विश्वासाचा जास्त होता.

आता ती चिंचवडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि रेंगाळणारे प्रोग्राम पळते करणं हेच तिचं काम होतं. एके दिवशी त्याच कारखान्याची तक्रार तिच्या कंपनीकडे आली. गेटवर ट्रकची रांग लागते, माल वेळेत निघत नाही, गिऱ्हाईक करार मोडायला निघालंय. ‘महाळुंग्याला कोण जाईल?’ असं वरिष्ठ अंजलीने विचारलं, तेव्हा बाकीचे खिडकीबाहेर बघायला लागले. मिनल सरळ उठून उभी राहिली.

श्रीपादने तिला ओळखलं नाही. झाडूवाल्याचं आडनाव लक्षात ठेवायला त्याला काय वेड लागलं होतं?

“प्रोग्रामला काही झालेलं नाही, मॅडम,” खुर्चीत रेलून तो म्हणाला. “माणसं ढिली आहेत. ह्या लोकांना घाई म्हणजे काय ते ठाऊकच नाही.”

बोल बाबा, बोल, मिनल मनात म्हणाली. घोडामैदान जवळच आहे.

तिने प्रोफायलर लावला. प्रोफायलर म्हणजे प्रोग्रामच्या डोक्यावर बसवलेला मुकादम. प्रोग्रामचा कुठला तुकडा किती वेळ खातो, त्याची तो बारीक नोंद ठेवतो. तासाभराने नोंद समोर आली आणि मिनलने खुर्ची पुढे ओढली. स्कॅन झाल्यापासून लेबल निघेपर्यंत तेवीस सेकंद जात होते, आणि त्यातले बावीस एकच तुकडा गिळत होता. तो तुकडा करत काय होता? तर सुट्ट्या मोजत होता!

लेबलवर ‘कारखाना सुरू झाल्यापासून कामाचा कितवा दिवस’ हा आकडा छापावा लागे. ह्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, आणि सणाची सुट्टी एखाद्या गुरुवारी काम करून भरून काढायची म्हणजे अदलाबदली आलीच. त्यामुळे लिहिणाऱ्याने सोपी वाट धरली होती. दर लेबलाला प्रोग्राम पहिल्या दिवसापासून निघायचा आणि प्रत्येक दिवसासाठी डेटाबेसला विचारायचा, ‘ह्या दिवशी सुट्टी होती का?’ आज असे पाच हजारांवर प्रश्न झाले होते, एका लेबलासाठी! पुढच्या खोक्याला पुन्हा पहिल्यापासून. अरे देवा, सकाळी एकदा मोजून ठेवलं असतं तर काय हात झिजले असते?

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज एक दिवस वाढतो, म्हणजे रोज लेबल तेवढंच उशिरा येतं. कोंडीरामचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ वर चढत गेला होता. माणूस असा सरळ रेषेत म्हातारा होतो का कधी? बाकीच्या काउंटरवर कंत्राटी पोरं, सात महिन्यांनी ब्रेक देऊन बदललेली. त्यांचा आलेख लांब होणार कुठून? आठ वर्षं एका जागी टिकलेला माणूस एकच होता, म्हणून वर्षागणिक संथ होत गेलेला तो एकटाच दिसला.

तो तुकडा कुणी लिहिला, ते प्रोग्रामच्या इतिहासात तारखेसकट होतं. श्रीपाद. मिनल एकटीच मोठ्याने हसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

दुसऱ्या दिवशी तिने ते पान त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं, दार लावून घेतलं, पुन्हा वाचलं.

“शेखर साहेबांकडे जाणार हे?” त्याने विचारलं. शेखर म्हणजे कारखान्याचे मुख्य.

“उद्या संध्याकाळपर्यंत.”

“नुसतं ‘जुना प्रोग्राम’ असं लिही ना. नाव कशाला? माझ्या बढतीची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे गं.” मॅडमची ‘गं’ व्हायला एक मिनिट पुरलं.

“नाव वगळते. पण एक अट आहे. उद्या गुरुवार, तुम्हाला सुट्टी. पिंपरीला आमच्या घरी यायचं आणि कोंडीरामना समोर बसून दोन वाक्यं सांगायची. तुमचे हात संथ नव्हते. माझा प्रोग्राम संथ होता.”

“कोण कोंडीराम?”

मिनलच्या अंगाची लाही लाही झाली. सहा वर्षं हा माणूस तिच्या घरात मुक्काम ठोकून होता, आणि ह्याला नावही आठवत नव्हतं!

“तीन नंबरचं काउंटर,” ती म्हणाली. “माझे वडील.”

गुरुवारी तो आला, पेढ्यांचा डबा घेऊन. कोंडीरामची धांदल उडाली. “जयभीम साहेब, या, या. बसा.” शर्टाची वरची गुंडी लावत त्यांनी खुर्ची पुसली. मिनलची आई केसरबाई चहा ठेवून दारातच उभी राहिली.

“त्या वेळी सिस्टीममध्ये जरा गडबड होती म्हणे,” श्रीपाद चहा फुंकत म्हणाला. “तुमच्यावर तसा कुणाचा राग नव्हता.”

“गडबड कुणाची, सर?” मिनलने विचारलं.

“असं एकाचं काही नसतं. सगळ्यांचं मिळून असतं.”

“जाऊ द्या साहेब,” कोंडीराम हात जोडून म्हणाले. “तुमी घरी आलात, भरून पावलं.” मग हळूच, “म्हंजी हात ठीक व्हते?”

“मग त्या खोक्यांचं काय?” केसरबाई एकदम म्हणाली.

“कसली खोकी?” मिनलने विचारलं.

“तू कालेजात असायचीस. पैली नोटीस आली तवापासनं. पाळी करून आले का दुपारी हितं बसायचे. क्याम्पातल्या दुकानातनं रिकामी खोकी आणलेली. मी घड्याळ धरायची अन् ह्ये कागद चिकटवायचे, दोनशे-दोनशे. दोन वरसं न्हाई एक दुपार चुकवली.”

“कशाला सांगतीस त्ये,” कोंडीराम खाली बघत पुटपुटले.

“कौतुक आहे बाकी,” श्रीपाद हसला.

मिनल उठली. रडू फुटेल म्हणून नाही, तिथेच हात उगारला जाईल म्हणून. आत जाऊन तिने लॅपटॉप उघडला. आजवर तिने प्रोग्रामचाच वेळ मोजला होता, हातांचा वेगळा काढायचं तिला सुचलंच नव्हतं. कारखान्याच्या जुन्या नोंदी त्यात तशाच होत्या. लेबल निघाल्याची वेळ, पुढच्या स्कॅनची वेळ. मधला वेळ माणसाचा. तिने तीन नंबरचं काउंटर निवडलं आणि वर्षवार सरासरी काढली. आकडा आला. तिने तो रिपोर्टात घातला, ‘जुना प्रोग्राम’ हे शब्द खोडले, तिथे श्रीपादचं पूर्ण नाव लिहिलं आणि रिपोर्ट शेखर साहेबांना पाठवून दिला.

बाहेर येऊन तिने तसं सांगितलं.

“तू शब्द दिला होतास!” श्रीपाद ताडकन उठला.

“दोन वाक्यं ठरली होती. एक तरी बोललात? ह्यांचा प्रोग्राम होता, बाबा. ह्यांनी स्वतः लिहिलेला. रिपोर्टही ह्यांचाच.” मग ती वडिलांसमोर खाली बसली. “आणि तुमचा हात पहिल्या वर्षी एका खोक्याला चार सेकंद घ्यायचा. शेवटच्या वर्षी तीन.”

कोंडीरामनी मान वर केली. “येळ कमी झाला व्हता?”

“झाला होता.”

“मी रोज सांगत व्हते,” केसरबाई म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

 कोंडीराम उठले, पेढ्यांचा डबा उचलला आणि श्रीपादच्या हातात दिला.

“साहेब,” ते म्हणाले, “निघा तुमी आता.”