मामा गाडी ऐकतात

सोमवारी सकाळी सात वाजता मला स्वतःच्या गाडीने कामावर हजर व्हायचं होतं आणि शनिवारचे नऊ वाजले तरी माझ्याकडे गाडी नव्हती. मी नर्स आहे. सहा वर्षं रात्रपाळ्या केल्यावर दिवसाचं काम मिळालं होतं: घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. पत्र गुरुवारी आलं. अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि ती रोज चालू व्हायला हवी. महिन्यात दोनदा उशीर झाला तर जागा दुसऱ्याला देऊ, असं वरच्या बाईंनी हसत हसत सांगितलं. अशा गोष्टी हसत सांगणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो.

नवी गाडी परवडणार नव्हती. आणि जुनी घ्यायची तर आमच्याकडे एकच रीत होती, मामांनी ऐकल्याशिवाय घ्यायची नाही. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. डेपोत त्यांना कानसेन म्हणायचे, कारण फाटकातून आत येणाऱ्या बसच्या नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगायचे. घरात कुणालाही गाडी घ्यायची असली की मामांना न्यायचं. मामा आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना ते बघणार, मग चालू करायला लावणार, डोळे मिटणार आणि एक बोट वर करणार. बोट वर असेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. एकदा बाबा मध्येच शिंकले, तर मामांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं होतं.

पहिली गाडी एका दलालाकडे होती. पांढरी, चकचकीत, टायरलासुद्धा पॉलिश. मामांनी डोळे मिटले, बोट वर केलं. मला खालून कुठूनतरी स्पष्ट खुळखुळ ऐकू येत होती, डब्यात चमचा हलावा तशी. मामा डोळे उघडून म्हणाले, "गोड आहे. घे."

मला वाटलं, मला काय कळतंय? पण ती खुळखुळ काही कानातून जाईना. सगळी शिल्लक हिच्यात घालायची आणि सोमवारी ही मध्येच बसली तर? शेवटी मी म्हटलं, "मामा, मला पांढरा रंग नको."

"रंगावर बसून जाणार आहेस का?" मामा भडकले. "दोन दिवस राहिलेत आणि हिला रंग सुचतोय!"

दुसरी गाडी एका शाळामास्तरीणबाईंची होती. बाई सज्जन दिसत होत्या, गाडीही नीटनेटकी. रस्त्यावर वर्दळ बरीच होती. बाईंनी गाडी चालू केली, मामांनी डोळे मिटले, बोट वर केलं. इंजिन चार-पाच आचके देऊन बंद पडलं.

मामांचं बोट वरच.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे. बोट वर होतं म्हणून मी गप्प बसले, ही आमच्या घराची सवय, आणि बाई आमच्याकडे बघून गप्प बसल्या. बंद गाडीसमोर आम्ही तिघं उभे होतो आणि मामा मान डोलवत होते.

"एकदम गोड," मामा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. आधी माझं तोंड बघितलं, मग बाईंचं. मग हळूच बॉनेटवर हात ठेवला.

"कधी बंद पडली?" त्यांनी विचारलं.

मामा बाईंना नमस्कार करून सरळ चालायला लागले. सत्तरीचा माणूस, पण इतका भरभर चालला की मला धावावं लागलं. कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. हा माणूस दोन वर्षं टीव्हीचा आवाज वाढवतोय, बोलताना आपल्या ओठांकडे बघतोय, आणि मी म्हणे नर्स! दुसऱ्यांच्या घरी मला सगळं दिसतं.

"डावा आधी गेला," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "उजव्यात जरासं आहे. अगदी जवळून बोललं तर कळतं. तू दुसरं कुणीतरी बघ पोरी. तुझं नुकसान व्हायचं माझ्यापायी."

साडेबारा वाजले होते. दुसरं कोण बघणार होते मी? मेकॅनिक सोमवारशिवाय भेटत नव्हता आणि सोमवारीच तर सगळं अडलं होतं. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "ऐकायचं काम मी करते. घोडं कुठे पेंड खातंय ते तुम्ही सांगा."

"तुला सांगता येणार आहे का?"

"सांगत नाही. आवाजच काढून दाखवते."

तिसरी गाडी छापखान्यात काम करणाऱ्या एका माणसाची होती. करड्या रंगाची, दाराला एक पोचा, पण आत शिरल्यावर घर झाडल्यासारखी स्वच्छ. त्याने चावी फिरवली. मी मामांच्या कानात सुरू केलं, "चर्रर्र... मग घुर्रऽऽ."

"चर्र केवढं?"

"चर्रर्र."

"पुन्हा काढ."

"चर्रर्र!"

"आता येतंय?"

"नाही. आता नुसतंच घुर्र."

"पट्टा जुना झालाय. त्याचं काही नाही. आता गाडी रेस करायला सांग, आणि जसं येईल तसं काढ. लाजू नकोस."

मी लाजणं सोडलं. मी गुरगुरले, फुरफुरले, शिट्टी घातली. छापखानेवाल्याची बायको खिडकीत येऊन उभी राहिली. तो बिचारा म्हणाला, "बाई, पाणी हवंय का?" मामांना हे ऐकू आलं नाही, ते डोळे मिटून माझं इंजिन ऐकत होते. धूर त्यांनी स्वतः बघितला, तेलाची कांडी काढून बोटावर चोळली, वास घेतला. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

मग आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. मी चालवत होते, मामा शेजारी, मालक मागे. सरळ रस्त्याला गाडी छान पळाली, ब्रेकही नीट लागले. मला ती गाडी हवीहवीशी वाटायला लागली. पाच वाजत आले होते, यादीत चौथी गाडी नव्हती. आणि उजवीकडे वळताना खालून आवाज आला. टक, टक, टक, टक.

"वळताना काही?" मामांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

का हलवली, ते मला तेव्हाही माहीत होतं. आता पुरे, इतकंच मनात होतं. मामांनी पुन्हा विचारलं नाही. गाडी थांबल्यावर ते उतरून मालकाला म्हणाले, "घेतो आम्ही. मला ऐकू येत नाही, ते तुम्ही पाहिलंतच. पण हिने ऐकलंय. हिच्या कानांवर माझा भरवसा आहे."

परक्या माणसासमोर त्यांनी ते बोलून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा उजवा दंड धरला आणि कानाशी जाऊन म्हटलं, "टक-टक-टक-टक. उजवीकडे वळताना. मामा, मी सांगितलं नाही."

मामा माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता चारचौघांत उद्धार होणार.

"सरळ झाली की थांबतं?"

"हो."

"मग डाव्या चाकाचा सांधा गेलाय." ते मालकाकडे वळले. "साहेब, उद्या संध्याकाळपर्यंत तो बदलून द्यायचा, तुमच्या खर्चाने. द्याल तर सोमवारी पहाटे घेऊन जातो. इंजिन खणखणीत आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." मालकाने मान खाली घालून होकार दिला. त्यालाही ते टक-टक माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आम्ही बसथांब्यावर आलो. तिथे मामांनी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"वाटलं, सांगितलं तर हीसुद्धा गाडी जाईल."

मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले. "सांगितलं तर मला कुणी न्यायचंच नाही कुठे."

बस लांबून दिसायला लागली तेव्हा मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "मंगळवारी चारला माझं काम संपतं. तुमचे कान तपासायला जायचंय. मी गाडी घेऊन येते."

"तुझ्या गाडीतून?" मामा म्हणाले. "आधी तो सांधा बदललाय का बघ."