लेनीचा पायगुण

मोसमातल्या शंभराव्या पराभवाला शेवटचा एकच सामना उरला होता, आणि तो पराभव टाळायचा उपाय लेनी कोवाल्चिकच्या शेजारी बसणाऱ्या दोघांना सापडला होता. उपाय असा, की लेनीनं सामन्याला बसू नये.

वेल्डनच्या बेसबॉल संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. नाव ठेवणारा द्रष्टा असावा. एप्रिलपासून हे लोक मैदानात डोळे मिटून, एका पायावर उभे होते. फरक एवढाच, की बगळ्याला अधूनमधून काहीतरी पकडता येतं.

"राग मानू नकोस," फाटकापाशी मर्ना म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई. वाईट बातमीही डावेनं वाढल्यासारखी द्यायची. "पण तुझं पित्ताशय काढलं, त्या दिवशी आपण जिंकलो."

"तुझ्या भाचीच्या लग्नादिवशीपण," बसड्रायव्हर रॉस्कोनं भर घातली. "आणि तुझा ट्रक बंद पडला, तेव्हा तर धुव्वा उडवला."

"म्हणजे मी पांढऱ्या पायाचा?"

"असं कोण म्हणतंय? तू फक्त बाहेर बस."

"अरे, आपला पिचर चेंडू टाकतो की अहेर वाटतो, ते दिसत नाही का तुम्हाला?"

"तो यंदाच आलाय, लेका. तू वीस वर्षं येतोयस."

मालकानं जुलैमध्ये संघातले बरे तिघे विकून टाकले, पण त्याच्या पायांचा रंग कुणी तपासला नाही. लेनीनं भर पावसात, गार सॉसेज चावत, टाळ्या वाजवायला निमित्त नसताना टाळ्या वाजवल्या होत्या; त्याचे पाय मात्र तपासून झाले होते. त्यानं खुर्चीवर ठेवायची आपली उशी मर्नाच्या हातात दिली आणि तो गाडीतळाकडे निघाला.

ट्रकमध्ये बसून त्यानं रेडिओ लावला. आणि बगळे चक्क खेळायला लागले. आठव्या डावाअखेर एका धावेनं पुढे! लेनीचं तोंड कडू झालं. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पाहुण्यांचे तीनपैकी दोन गडी बाद झाले. आता फक्त एक. तो मिळाला, की शंभरावा पराभव टळणार, आणि वीस वर्षांची सगळी पापं लेनीच्या नावावर कायमची चढणार.

चेंडू उंच उडाला. शेंबड्या पोरानं घ्यावा असा सोपा झेल. आयुष्यात पहिल्यांदा लेनी मनापासून म्हणाला, "सोड. सोड रे बाबा."

खाली दोघे बगळे उभे होते. "तुझा, तुझा," असं एकमेकांना म्हणत त्यांनी तो मधोमध पडू दिला. तळांवर थांबलेले पाहुण्यांचे दोघे धावत शेवटच्या तळावर पोचले, आणि दोन धावा घेऊन पाहुणे पुढे गेले. खेळ थोडा वेळ आणखी चालला, पण बगळ्यांना पुन्हा एकही धाव काढता आली नाही. सामना संपला.

लेनीनं आनंदानं भोंगा बडवला. गाडीतळात तेवढा एकच भोंगा वाजला. मग हात पसरून तो फाटकाकडे धावला. माणसं माना खाली घालून बाहेर येत होती.

"बघितलंत? हरलो! मी नव्हतो आत, तरी हरलो!"

मर्नानं रॉस्कोकडे पाहिलं.

"रेडिओ लावला होतास?" रॉस्कोनं विचारलं.

"छे. बंदच होता."

"मग कळलं कसं?"

सबंध मोसमात वेल्डनच्या माणसानं अचूक घेतलेला तो एकमेव झेल असावा.

मर्नानं उशी परत केली. हातात ठेवण्याआधी तिनं ती झटकलीसुद्धा. "घरी ने," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी... बघू."

लेनी ट्रकमध्ये येऊन बसला. रेडिओवर कुणीतरी पुढच्या मोसमाबद्दल मोठ्या उमेदीनं बोलत होतं. त्यानं रेडिओ बंद केला. सवय आत्तापासूनच लागलेली बरी.