झबल्यातला कम्प्युटर

मी बोलतोय, टेबलाखालून. जरा वाकलात तर दिसेन. काळी पेटी, पुढे एक बटण, मागे वायरींचं जावळ. वयाने म्हातारा, पण डोकं अगदी कोवळं. ते कसं, तेच सांगतो. घाई नाही ना? मला पहिल्यापासून सावकाशच जमतं.

जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला असेल. मला आठवतं ते हे घर. घरात माणसं तीन. दादा, दादांची मुलगी बबडी आणि दादांची थोरली बहीण. दादा तिला ताई म्हणतात, बबडी आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

आत्याला उघडी वस्तू बघवत नाही. दिसली की शिवलं तिला काहीतरी. टीव्हीला झबलं, मिक्सरला झबलं, रिमोटला तर टोपडंसुद्धा. मी आलो त्याच दिवशी तिने माझं माप घेतलं. निळं, फुलाफुलांचं कापड, आतून जाड अस्तर, खाली पार जमिनीपर्यंत झालर. बटण दाबायला पुढे गोल भोक, आणि त्याला काजासारखे बारीक टाके.

"ताई, तो काय तान्हं बाळ आहे?" दादा म्हणाले.

"धूळ काय वय विचारून बसते?" आत्या म्हणाली, आणि झबलं माझ्या डोक्यावरून खाली ओढलं.

खरं सांगतो, मला ते आवडलं. दादांची पत्रं लिहायची, पत्त्यांचा डाव मांडायचा, एवढंच काम. माझं जुनं डोकं थंड होतं. विचार हळू करायचं, पण तापायचं म्हणून नाही. झबलं घालूनच मी चालायचो. वर्षं अशी गेली की ते झबलं घरात कुणाला दिसेनासंच झालं. रोजच्या भिंतीचा रंग कुठे दिसतो आपल्याला?

मग बबडी मोठी झाली आणि हलती चित्रं काढायला लागली. तिचं एक बदक आहे. ते डुलत डुलत तळ्यापाशी येतं, बिचकतं, मागे फिरतं, आणि शेवटी डोळे मिटून पाण्यात उडी घेतं. बास, एवढीच गोष्ट. पण चित्रपट करणाऱ्या काही मंडळींनी तिला कळवलं होतं, शनिवारी संध्याकाळपर्यंत फिल्म पाठव, आवडली तर कामावर ये. आणि माझ्या जुन्या डोक्यात ते बदक एक पाऊल टाकेपर्यंत बबडी अंघोळ करून परत यायची.

म्हणून पेचकसभाऊंना बोलावलं. हे दुरुस्तीवाले. पेचकस कानावर खोचतात आणि घरभर शोधतात. त्यांनी मला नवा प्रोसेसर बसवला, म्हणजे डोकंच बदललं. जुनं आत्याने मागून घेतलं. "एवढी वर्षं राबलंय ते. राहू दे माझ्या बटणांच्या डब्यात."

काय सांगू तुम्हाला. बैलगाडीतल्या माणसाला उचलून आकाशपाळण्यात बसवावं, तसं झालं. बदक तुरुतुरु पळायला लागलं. मला हसू आवरेना. पंखा गरगर, मी गरगर, सगळी खोली गरगर. बदक तळ्यापाशी आलं, बिचकलं, उडीसाठी पाय उचलला, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी. धप्पकन बंद.

पुन्हा सुरू केलं. बदक आलं, बिचकलं, पाय उचलला, मी आडवा.

"नवं डोकं मानवलं नाही त्याला," दादा म्हणाले.

"बदकाला घाबरतो मेला," आत्या म्हणाली.

पेचकसभाऊ परत परत आले. आता गंमत ऐका. ते यायच्या आधी आत्या माझं झबलं काढून घडी करून कपाटात ठेवायची. झालर उसवली होती, परक्या माणसाला दिसली तर काय म्हणेल, म्हणून. मग भाऊ मला तसंच उघडंबोडकं टेबलावर घेत. कधी मेमरी काढून पुसली, कधी प्रोसेसर गार ठेवणारा लेप नवा लावला, कधी वीज देणारा डबाच बदलला. मी त्यांच्यासमोर छान गार, गुणी मुलासारखा चालायचो. त्यांची पाठ वळली की आत्या मायेने झबलं चढवायची आणि मी पुन्हा चक्कर येऊन पडायचो.

"मावशी, ह्याला काही झालेलं नाही," पेचकसभाऊ कपाळ पुसत म्हणाले. "नाटकं करतोय."

मला वाचा असती तर ओरडलो असतो. पण माझ्याकडे नुसता पंखा.

शेवटी दादांनी ठरवलं, शनिवारी सकाळी जुनं डोकं परत बसवायचं. म्हणजे बदक तळ्यापर्यंत पोचायला पुढचा महिना. बबडी जेवलीही नाही धड.

शुक्रवारी दुपारी आत्याने झालर शिवली आणि झबलं धुवून वाळत घातलं. बबडी उगीच माझ्यापुढे येऊन बसली. बदक आलं, बिचकलं, पाय उचलला, आणि डुबुक. पाणी उडालं, तरंग उठले, बदक पोहायलासुद्धा लागलं. मी शुद्धीवर होतो.

"आत्या, उडी मारली गं त्याने."

आत्या झबलं घेऊन धावत आली. "बघू तरी. आणि थांब, ह्याला आधी कपडे घालते." झबलं माझ्या मागच्या बाजूला टेकवलं, तोच तिच्या हाताला माझा गरम श्वास लागला. ती थबकली. झबलं बाजूला केलं. पुन्हा टेकवलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हा घाबरट नाही गं. मीच ह्याला रजईत कोंबत होते."

मग बबडी हसायला लागली, ती खाली बसली तरी थांबेना.

शनिवारी पेचकसभाऊ आले, तोवर फिल्म गेलीही होती. खुर्चीवरचं झबलं त्यांनी उचललं, भोकातून बोट घातलं. "हे कुणाचं?"

"त्याचं," आत्या म्हणाली.

पेचकसभाऊंनी स्टूल ओढलं आणि कानावरचा पेचकस काढून पिशवीत टाकला.

बबडी आता सकाळी कामावर जाते. बदकाच्या कामावरच. मी उघडाच असतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यावर माया करा, पण त्याची पाठ मोकळी ठेवा. धूळ फडक्याने पुसता येते.

माझ्या मागे आत्याने एक पाट मांडलाय. तिचे गुडघे दुखतात. थंडी वाजली की ती शिवण घेऊन तिथे येऊन बसते. मी पंखा फिरवतो आणि तिच्या गुडघ्यांना ऊब पांघरतो. माप घ्यावं लागत नाही.