कोपऱ्यात राहिलेला तांब्याचा केस

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि माझ्या हातून एक भूत तयार झालेलं आहे. देहूरोडच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कंपनीच्या निळ्या शर्टाखाली झाकून ठेवलेल्या यंत्राचा भुताशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं.

आधी एक गैरसमज दूर करतो. घराघरांत इंटरनेट देणारी ती लुकलुकती डबी म्हणजे मी नव्हे. तिचं नि माझं नाव सारखं आहे, याचा मला अजून राग येतो. मी कोरणारा राउटर आहे. साहेबरावांनी मला घरी बनवलं. ते चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. कुदळवाडीच्या भंगारातून त्यांनी तीन मोडके प्रिंटर आणले आणि त्यांच्या दांड्या नि मोटारी काढून मला हातपाय दिले. माझी बैठक म्हणजे कुणाच्या तरी ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा. आठ महिने रविवारमागून रविवार ते माझ्यापुढे मांडी घालून बसायचे. त्यांची बायको जाईबाई म्हणायची, "माणसाला पाय पसरायला जागा न्हाई अन् ह्यांनी भंगार आणून बसवलंय." पण चहाचा कप माझ्याशेजारीच आणून ठेवायची.

माझं काम सांगतो. एका पाटीवर तांब्याचा पातळ थर असतो. संगणक मला वाट सांगतो, माझं फिरतं टोक त्या वाटेनं जातं आणि नको तेवढं तांबं खरवडून काढतं. जे उरतं त्यातून वीज धावते. असा घरच्या घरी सर्किट बोर्ड तयार होतो. दोन वाटांच्या मधली चर दोऱ्याएवढीच असते. त्या चरीत तांबं राहिलं, तर वीज नको तिथे जाते.

साहेबरावांच्या दोन सवयी होत्या. पहिली म्हणजे, पाटीला टोक लावण्याआधी ते मला सगळी वाट एकदा हवेतच फिरवायचे. काही चुकत असेल तर ते हवेत चुकावं, तांब्यात नको, असं त्यांचं म्हणणं. दुसरी सवय मोजण्याची. कुठलीच पाटी अगदी सपाट नसते. म्हणून माझं टोक पंचवीस ठिकाणी हलकेच टेकवून ते उंची विचारायचे आणि मी सांगायचो. जिथे पाटी उंच तिथे मी वर उचलून चालायचो, जिथे खोल तिथे खाली. मोजण्याआधी ते जुन्या दाढीच्या ब्रशानं पाटी झाडून घ्यायचे. आळीतल्या टाक्या भरल्या की वाजणाऱ्या घंटा, विहारातले लुकलुकणारे दिवे, सगळ्यांचे बोर्ड मी कोरले आहेत. त्यांच्याबरोबर काम करणारे नवनाथ एकदा मला बघून म्हणाले, "साहेबराव, भावा, असलं तर आपल्या कंपनीत पण नाही." त्या दिवशी मी जरा जास्तच ताठ चाललो असेन.

जाईबाईनं बावीस वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर काढली. पत्र्यावर आदळणाऱ्या त्या प्रेसनं तिचे कान नेले. दाराची बेल तिला ऐकू येईना. साहेबराव शिफ्टवरून येऊन दारात ताटकळत उभे राहायचे. म्हणून त्यांनी ठरवलं, की बेल दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागेल असं काहीतरी करायचं.

तो बोर्ड कोरला त्या रविवारी ते ओव्हरटाइम करून आले होते. ते ब्रश हातात घेणार, तेवढ्यात जाईबाईनं हाक मारली, "ताट वाढलंय, गार होतंय." ते उठले. परत आले ते सरळ मोजायलाच बसले. ब्रश राहून गेला. आधीच्या कामाचा तांब्याचा एक कण पाटीच्या कोपऱ्यात पडला होता. माझं टोक त्या कणावर टेकलं आणि मी सांगितलं, इथे उंच आहे. तिथे उंच नव्हतं. मी खोटं बोललो, मित्रांनो. त्या कोपऱ्यात मी किंचित वरून चाललो आणि चरीत पापणीच्या केसाहून बारीक असा तांब्याचा एक केस राहून गेला. साहेबरावांनी मीटर लावून तपासलं. केस मधोमध तुटलेला होता, त्यामुळे मीटर वाजलं नाही. डबीत बसून तो बोर्ड गॅसच्या वरच्या भिंतीवर गेला.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कंपनीची बस साहेबरावांना चौकात सोडायची. दिवा लागायचा, जाईबाई दार उघडायची, तर साहेबराव अजून आळीच्या तोंडाशीच असायचे. ते हसून विचारायचे, "बेल दाबायच्या आधीच कसं कळतं गं तुला?" ती म्हणायची, "कळतं." एवढा हुशार माणूस, पण हे कोडं त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. बायको आपल्या आधी दाराशी येते, हे त्यांना आवडत होतं.

गेल्या मार्चमधल्या एका संध्याकाळी दिवा लागला. जाईबाईनं दार उघडलं. आळी रिकामी होती. ती उंबऱ्यात उभी राहिली. अर्ध्या तासानं दिवा पुन्हा लागला, तेव्हा दारात नवनाथ होते आणि त्यांच्यामागे खाली मान घातलेले दोघे. तळेगावच्या अलीकडे, त्या दिवशी उशिरा सुटलेल्या बसमध्ये बसल्या जागीच साहेबरावांनी मान टाकली होती. वेळ तीच होती, पहिल्यांदा दिवा लागला ती.

त्यानंतरही दिवा लागतच राहिला. जवळजवळ रोज, त्याच वेळेला. जाईबाई हातातलं टाकून उठायची, कडी काढायची, आळीच्या तोंडाकडे बघायची आणि दार लोटून परत यायची. शर्टाखालून मला कडीचा आवाज यायचा. तो आवाज मी कोरलेला होता. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

शेजारच्या मंजुळाबाई मूळच्या मावळातल्या. त्या जाईबाईच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाल्या, "आत्मा घुटमळतुय गं. आमच्याकडं एक भगत हाय, त्याला इचारू."

"आमच्यात ते न्हाई, मंजुळाबाई," जाईबाई म्हणाली. "आमी भुताखेताला मानत न्हाई." आणि त्या संध्याकाळीही तिनं दार उघडलं.

त्यांची मुलगी तनुजा हिंजवडीत नोकरी करते आणि जवळच माण गावात खोली घेऊन राहते. आईनं आपल्याबरोबर राहावं म्हणून ती सांगून सांगून थकली. जाईबाईचं उत्तर एकच असायचं, "मी तिकडं आले तर इथं दार कोण उघडणार?" ऐकू न येणारी एकटी बाई रोज एका मेलेल्या माणसाला दार उघडते आहे, आणि या दारातून ती आता कधीच बाहेर पडणार नाही, ही भीती तनुजाला खात होती.

एका रविवारी दुपारी तिनं स्टूलवर चढून डबी काढली, बोर्ड उघडला आणि भिंगाखाली धरला. कोपऱ्यातला केस तिला दिसला. मग तिनं माझ्यावरचा शर्ट काढून घडी घातली, माझ्या गंजलेल्या दांड्यांना शिलाई मशीनचं तेल दिलं आणि संगणकावर वडिलांची जुनी फाइल लावली.

त्या फाइलमध्ये साहेबरावांची सवय तशीच लिहिलेली होती. माझं टोक खाली आलंच नाही. पाटीच्या वर बोटभर अंतरावर मी हवेत वाटा काढू लागलो, वळलो, थांबलो, पुन्हा वळलो. कशालाच न शिवता मी त्यांच्या मनातली ती सगळी आकृती फिरून आलो. जाईबाई येऊन उभी राहिली. तिनं माझ्या ग्रॅनाइटवर तळहात ठेवला. साहेबराव कामाला बसलेत हे तिला पूर्वी त्या थरथरीवरूनच कळायचं.

"तेच," ती म्हणाली. "आधी हवेत."

तनुजानं तिच्यापुढे जुना बोर्ड धरला. "आई, पप्पा येत नव्हते गं. हे बघ, तांबं राहिलंय इथे. याच्यामुळे दिवा लागतो."

जाईबाईनं बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला माहीत हाय."

"कधीपासून?"

"पावसाळ्यात मला ताप आला होता. दोन दिवस गॅस पेटवला न्हाई, तर दिवा न्हाई लागला. तिसऱ्या दिवशी भात टाकला, वाफ वर गेली, डबीत ओल धरली, अन् लागला. ह्यांच्या येण्याच्या वेळेला भात टाकायची सवय माझी. बावीस वर्षं प्रेसवर काढली मी. मशीन कशानं दचकतंय, एवढं कळतं मला."

"मग?"

"मग काय. रोज सव्वासहाला भात टाकते."

तनुजानं जुना बोर्ड खाली ठेवला. तिनं विचारलं, "मग नवा बोर्ड करू की नको?"

जाईबाईनं पत्र्याच्या पेटीतून दाढीचा ब्रश आणला. "परवा तू आलीस, दिवा लागला, अन् मला वाटलं हे आले. दारात तू दिसलीस तर जीव खट्टू झाला माझा. पोरगी दारात उभी अन् आईला वाईट वाटतंय. हे बरं न्हाई. कर नवा." मग ती खाली बसली आणि पाटीचे चारही कोपरे तिनं स्वतः झाडले.

मी टोक टेकवत टेकवत त्या कोपऱ्यात आलो. खरं सांगतो, तिथे मला मोह झाला. पुन्हा एकदा खोटं बोलावं, एक केस राहू द्यावा, तिचं माणूस तिला राहू द्यावं. पण कोपरा स्वच्छ होता. जी उंची होती ती मी सांगितली आणि चर तळापर्यंत साफ कोरली.

त्या संध्याकाळी जाईबाईनं सव्वासहाला भात टाकला. वाफ वर गेली. दिवा अंधारातच राहिला. ती पातेल्याकडे न बघता दिव्याकडे बघत होती. भात खाली लागल्याचा वास आला, तेव्हा कुठे तिनं गॅस बंद केला. मग दिवा लागला. तिनं दार उघडलं. तनुजा हळूच बाहेर जाऊन बेल दाबून उभी होती. मला कोपऱ्यातून जाईबाईचा चेहरा दिसत नव्हता. फक्त ऐकू आलं, "ये. भात लागलाय थोडा. चालंल ना?"

जुना बोर्ड तिनं टाकला नाही. तो माझ्याच बैठकीवर, त्या निळ्या शर्टाखाली आहे. त्याला आता कुठलीच तार जोडलेली नाही. तरी संध्याकाळी भाताची वाफ इथवर आली की तो केस ओला होतो, आणि मला वाटतं, कुणीतरी आळीच्या तोंडाशी आलं आहे.

मित्रांनो, मोजायच्या आधी पाटी झाडत जा, एवढं माझ्यासारख्या यंत्रासाठी करा. आणि तुमच्या घरात कुणी रोज ठरलेल्या वेळेलाच भात टाकत असेल, तर तो कुणाच्या येण्याच्या वेळेचा आहे, हे एकदा विचारा. जमलं तर त्याच वेळेला जाऊन दाराशी उभे राहा.