नाव घेऊन केलेली प्रार्थना

कुणाचं भलं करायचं म्हटलं की आधी चार माणसांना सांगावंसं वाटतं. सेक्रेटरीबाईंचंही तसंच होतं. चर्चच्या सेवा समितीचा सगळा भार त्यांच्यावर, आणि मन लोण्यासारखं.

रविवारच्या उपासनेत आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, ही त्या मंडळीची जुनी पद्धत. त्या रविवारी बाईंनी चर्चसमोरच्या शिंपीकाकांसाठी प्रार्थना केली. "प्रभू, आमच्या या भावाचे हात थरथरतात, सुई धरवत नाही. त्याला आधार दे." बोलताना बाईंचे डोळे खरोखर भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून लोक काकांकडे शिवायला टाकलेले कपडे परत न्यायला लागले. "तुम्ही आराम करा, काका," असं प्रत्येकजण प्रेमाने म्हणे आणि पिशवी उचलून चालता होई. काकांचं मशीन बंद पडलं. पुढच्या रविवारी ते चर्चला आलेच नाहीत.

बाई जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. काकांनी दार अर्धवटच उघडलं.

"ताई, तापाने हात थरथरत होते. ताप उतरला, हात थांबले. पण हे आता कुणाकुणाला सांगत फिरू? मला डबा नको, काम हवंय."

बाई तणतणत घरी आल्या. "मी काय वाईट केलं, आई? प्रार्थनाच केली ना?"

सासूबाई मटार सोलत होत्या. "प्रभूला चांगलं ऐकू येतं गं. तू एवढ्या मोठ्याने कुणाला सांगत होतीस?"

बाईंनी परत आणलेला डबा ओट्यावर ठेवला.

"त्याचं दुखणं त्याचं होतं. त्याला न विचारता तू ते गावभर केलंस. आधी जाऊन विचारलं असतंस, तर ताप आहे एवढं तरी कळलं असतं."

खरंच की! बाईंना आपलीच लाज वाटली. एका भल्या माणसाच्या पोटावर आपण पाय दिला होता, तोही हात जोडून.

लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिच्या पांढऱ्या झग्याचं कापड मोठ्या दुकानात द्यायचं ठरलं होतं. बाईंनी लेकीला विचारलं, तिने आनंदाने होकार दिला, आणि कापड काकांच्या टेबलावर आलं.

"दया म्हणून आणलं असेल, तर घेऊन जा ताई."

"दया कसली? लग्न माझ्या लेकीचं आहे. झगा बिघडला तर गाठ माझ्याशी आहे."

काका हसले. त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

लग्नात झग्याने सगळ्यांची नजर वेधून घेतली आणि काकांचं टेबल पुन्हा कपड्यांनी भरलं. आता कुणाचंही नाव घेण्याआधी बाई त्याला विचारतात. काकांनाही विचारलं.

"करा की," काका म्हणाले. "एवढं काम आलंय, निभावू दे म्हणावं. पण मनातल्या मनात बरं का."

मित्रहो, मदत करण्याआधी ज्याला करायची त्याला विचारावं. त्याचं दुखणं चारचौघांत मांडण्यापेक्षा त्याच्या हाताला काम देणं, ही कितीतरी मोठी प्रार्थना आहे.